घरच्या सुतारकामाच्या खोलीत डस्ट कलेक्टर कुठे ठेवावा? हवा बाहेर सोडावी की आतच फिरवावी?

शिसवी

खोली २० फूट लांब, १२ फूट रुंद, छत ९ फुटांवर. घराला लागूनच आहे. एका आखूड भिंतीत घरात जाणारं दार, समोरच्या आखूड भिंतीत बाहेरचं मोठं दार. लांब भिंतींपैकी एकीला खिडकी आहे. दुसरी कोरी आहे आणि तिच्यापलीकडे मोकळी जागा. यंत्रं अशी: १० इंची टेबल सॉ मधोमध, १३ इंची थिकनेसर (फळी एकसारख्या जाडीची रंधणारं यंत्र), १४ इंची बँड सॉ, मायटर सॉ आणि राउटर टेबल.

कलेक्टर (भुसा-धूळ ओढून गोळा करणारं यंत्र) दीड एचपीचा, एका टप्प्याचा. तोंड ६ इंची, त्यावर दोन ४ इंची फाटे. वर ३० मायक्रॉनची कापडी पिशवी, खाली प्लास्टिकची. पाटीवर १२०० सीएफएम, म्हणजे मिनिटाला १२०० घनफूट हवा, असं लिहिलेलं आहे. सध्या तो चाकांवर आहे आणि ४ इंची लवचीक पाइप एकेका यंत्राला लावावा लागतो. आता एका जागी बसवून पक्की पाइपलाइन करायची आहे.

तीन पर्याय डोक्यात आहेत. पहिला, कोपऱ्यात उभा करायचा आणि हवा आतच फिरू द्यायची. दुसरा, पिशव्या काढून टाकायच्या, कोऱ्या भिंतीला भोक पाडायचं आणि सगळं सरळ बाहेर सोडायचं. तिसरा, भिंतीपलीकडे छोटी शेड बांधून कलेक्टर तिथे ठेवायचा. यातला कोणता निवडावा, आणि पाइप किती इंची घ्यावा? घराच्या दारापलीकडच्या पॅसेजमध्ये गॅस गिझर आहे, त्याचा याच्याशी काही संबंध येतो का तेही सांगा.

गुण्या

पाइपापासून सुरू करतो, कारण जागा त्यावरून ठरते.

पाटीवरचे १२०० विसरा. पिशवी नाही, पाइप नाही, अशा मोकळ्या पंख्याचा तो आकडा असतो. पिशवी, वळणं, यंत्राचं तोंड हे सगळं जोडल्यावर दीड एचपीच्या पंख्याकडून ५०० ते ६५० मिळाले तरी चांगले म्हणायचे. पुढचा हिशोब ६०० धरून करा.

भुसा आडव्या पाइपात तरंगत राहायचा तर हवेला मिनिटाला ३५०० ते ४००० फुटांचा वेग लागतो. ४००० च्या वेगाने ४ इंची पाइपातून साधारण ३५० सीएफएम जातात, ५ इंचीतून ५४५ आणि ६ इंचीतून ७८५. म्हणजे सध्या तुमच्या पंख्याची निम्मी ताकद त्या ४ इंची लवचीक पाइपातच अडकते आहे.

पण याचा उपाय म्हणून सगळीकडे ६ इंची पाइप टाकून यंत्राजवळ तो ४ इंची करणं ही चूक सर्रास होते. शेवटच्या ४ इंची तुकड्यातून जेवढी हवा येईल तेवढीच मुख्य पाइपातून जाणार. ती ३५०-४०० असेल तर ६ इंचीत तिचा वेग १८०० ते २००० वर येतो. बारीक धूळ पुढे जाते, पण थिकनेसरच्या ढलप्या पाइपाच्या तळाशी बसत राहतात. मग कधीतरी दोन गेटं (फाटे उघड-बंद करणाऱ्या सरकत्या पट्ट्या) एकदम उघडली जातात आणि तो ढीग लोंढ्यासारखा सुटतो. एका टप्प्याच्या यंत्रात इम्पेलर, म्हणजे पंख्याचं पात्यांचं चाक, पिशवीच्या आधी असल्यामुळे तो लोंढा थेट त्याच्या पात्यांवर आदळतो.

तुमच्या पंख्याला मुख्य पाइप ५ इंची योग्य. ६०० सीएफएमला त्यात ४४०० चा वेग मिळतो, आणि ४०० वर उतरलं तरी २९०० राहतो. फाटेही ५ इंचीच, अगदी यंत्रापर्यंत. टेबल सॉवर त्या ५ इंचीचे दोन भाग करा: खालच्या पेटीला ४ इंची आणि पात्यावरच्या गार्डला अडीच इंची. दोन्हींचं क्षेत्रफळ मिळून साडेसतरा चौरस इंच होतं आणि ५ इंची पाइपाचं साडेएकोणीस, त्यामुळे गळा कुठेच फार आवळला जात नाही. बँड सॉला खालच्या चाकाच्या पेटीतून एक आणि टेबलाच्या लगेच खाली, पातं जिथून उतरतं तिथे दुसरा फाटा द्या. धूळ सुटते ती या दुसऱ्या जागी. नुसत्या पेटीच्या तोंडाने ती सापडत नाही. थिकनेसरचं तोंड कारखान्यातूनच ४ इंची असेल तर ५ वरून ४ वर उतरणारा तुकडा अगदी तोंडाशी बसवा, आधी नको.

५ इंची पाइप मिळालाच नाही तर ६ इंची घ्या. मात्र फाटेही ६ इंचीच ठेवा, आडवी लांबी कमीत कमी ठेवा आणि ४ इंची तोंडाचं यंत्र चालवताना आणखी एक गेट अर्धं उघडं राहू द्या.

जागा: कोऱ्या भिंतीशी, थिकनेसरच्या शेजारी. सगळ्यात जास्त माल तेच यंत्र काढतं, म्हणून त्याचा पाइप सगळ्यात आखूड हवा. त्यानंतर टेबल सॉ. मायटर सॉ शेवटी गेला तरी चालेल. तिथे अडचण लांबीची नसते, धूळ चहूकडे उडते ही असते. त्याच्या मागे तीन बाजूंनी बंद खोका करून खोक्याच्या मागच्या अंगाला तोंड द्यावं लागतं.

वळणांबद्दल: एक काटकोनी एल्बो म्हणजे सहा ते दहा फूट सरळ पाइपाइतका अडथळा. त्याऐवजी ४५ अंशांचे दोन एल्बो, मध्ये फूटभर सरळ तुकडा. फाटा काढताना टी नको, वाय हवा, आणि त्याचा तिरपा पाय हवेच्या दिशेने झुकलेला. लवचीक पाइपाच्या आतल्या कड्यांमुळे त्याचा अडथळा सरळ पाइपाच्या तिपटीच्या घरात जातो. तो यंत्राशी दोन-तीन फूटच वापरा, तेही यंत्र हलवावं लागतं म्हणून. आणि कलेक्टरच्या तोंडाला लागूनच एल्बो बसवू नका. हवा पिळून आत शिरते आणि इम्पेलरची एकच बाजू भरते. तोंडाआधी निदान दोन फूट सरळ पाइप ठेवा.

पटाशी

पाइपाबद्दल वर सगळं आलंय. मला दुसऱ्या पर्यायाबद्दल बोलायचं आहे, कारण गिझरचा संबंध येतो आणि तो जिवाशी येतो.

खोलीचं आकारमान २१६० घनफूट. मिनिटाला ६०० घनफूट हवा बाहेर फेकली तर साडेतीन मिनिटांत अख्ख्या खोलीएवढी हवा गेली. तेवढीच कुठून तरी आत यायला हवी. बाहेरचं दार आणि खिडकी बंद असतील तर ती घरातून येते, दाराखालच्या फटीतून, पॅसेजमधून. पॅसेजमधला गिझर धुराड्यावाला असेल तर त्या धुराड्यातून हवा उलटी खाली ओढली जाते आणि जळलेला वायू वर जाण्याऐवजी घरात उतरतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. तुम्ही कान झाकून थिकनेसर चालवत असता आणि विषारी हवा घरात बसलेल्यांच्या वाट्याला येते.

परीक्षा अशी करा. घराच्या बाकी खिडक्या आणि एक्झॉस्ट पंखे रोजच्यासारखे ठेवा, कामाच्या खोलीची दारं-खिडक्या बंद करा. कलेक्टर एका ५ इंची फाट्यावर चालू करून त्याची हवा बाहेर जाऊ द्या. गिझर पेटवून पाच मिनिटं चालू द्या आणि पेटवलेली उदबत्ती त्याच्या धुराड्याच्या खालच्या उघड्या कडेपाशी धरा. धूर वर ओढला गेला पाहिजे. तो बाजूला ढकलला गेला, नुसता घोटाळला किंवा खाली आला, तर दोन्ही लगेच बंद करा आणि खिडक्या उघडा. त्या मांडणीत हवा बाहेर सोडायची नाही, इतकं सरळ आहे. धूर वर गेला म्हणूनही पूर्ण निश्चिंत होऊ नका. वाऱ्याची दिशा बदलली, स्वयंपाकघरातला पंखा चालू झाला की चित्र बदलतं. पॅसेजमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. मात्र तो चूक झाल्यावर कळवतो, चूक टाळत नाही.

ज्यांच्या खोलीचा राहत्या घराशी संबंध नाही आणि जवळ कुठे ज्योत नाही, त्यांनी बाहेर सोडणं उत्तमच. फुप्फुसात खोल जाणारी धूळ गाळायचा प्रश्नच उरत नाही, फिल्टरचा अडथळा जातो आणि ओढ वाढते. तरी तीन गोष्टी पाहाव्या लागतात.

आत येणाऱ्या हवेला वाट द्या. ६०० सीएफएमला मिनिटाला ३०० फुटांच्या संथ वेगाने आत यायचं तर २ चौरस फूट मोकळी जागा हवी. दोन फूट बाय एक फूट खिडकी पूर्ण उघडी, आणि तीही कलेक्टरच्या समोरच्या अंगाला, म्हणजे हवा खोली ओलांडून जाईल.

नुसत्या पिशव्या काढून चालत नाही. एका टप्प्याच्या यंत्राच्या पिशव्या काढल्या तर ढलप्यांसकट सगळा भुसा भिंतीबाहेर पडणार. आधी सायक्लोन किंवा विभाजक डबा (हवा गरगर फिरवून ढलप्या खाली पाडणारा) हवा, आणि तो स्वतः पाण्याच्या दोन ते चार इंचांइतका दाब खातो. दीड एचपीच्या पंख्याकडे सगळा मिळून आठ-दहा इंचांचा दाब असतो, हे लक्षात घेऊन ठरवा.

तिसरी गोष्ट मोटरची. फिल्टर नाही, पाइप आखूड, अशा वेळी पंख्यातून जास्त हवा जाते आणि मोटर जास्त अँपिअर ओढते. लोकांना उलट वाटतं, की तोंड बंद झालं की मोटरवर ताण येतो. या जातीच्या पंख्यात तोंड बंद केलं तर करंट कमी होतो. क्लॅम्प मीटर (तारेभोवती चिमट्यासारखं धरून करंट मोजणारं) लावून सगळी गेटं उघडी असताना करंट मोजा. पाटीवरच्या आकड्याच्या वर जात असेल तर गेटं बंद ठेवून किंवा बाहेरच्या तोंडाला थोडा अडथळा देऊन तो खाली आणावा लागेल.

बाहेरचं तोंड कुणाच्याही खिडकी-दारापासून निदान दहा फूट लांब, पावसासाठी खाली वळलेलं. उंदीर-पक्ष्यांसाठी जाळी लावाल तर अर्ध्या इंचाच्या छिद्रांची लावा. डासांची जाळी आठवडाभरात भुशाने गच्च होते.

शिसवी

गिझर धुराड्यावालाच आहे, म्हणजे दुसरा पर्याय बाद. मग तिसरा पाहतो: भिंतीपलीकडे शेड, पण हवा भिंतीतून परत खोलीत आणायची. यंत्राचा आवाजही बाहेर राहील. यात गिझरचा धोका पूर्ण जातो ना? आणि परतीचं भोक किती मोठं ठेवू?

रंधा

पूर्ण जातो असं नाही. तो कुठे शिल्लक राहतो ते सांगतो.

कलेक्टर खोलीतली हवा ओढतो आणि गाळून शेडमध्ये सोडतो. त्यामुळे शेडमध्ये दाब बाहेरच्यापेक्षा थोडा जास्त असतो आणि शेडच्या प्रत्येक फटीतून हवा बाहेर जाते. पत्र्याच्या सांध्यांतून, दाराच्या कडांतून चौथा हिस्सा जरी निसटला तरी दीडशे सीएफएम झाले, आणि तेवढी हवा तुमची खोली घरातून ओढणार. म्हणजे गिझरचा प्रश्न मागच्या दाराने परत आला. म्हणून शेड नको, पेटी बांधा: प्लायवूडच्या भिंती, सांध्यात सिलिकॉन, दाराला चारही बाजूंनी रबरी पट्टी आणि दोन कड्या. दार आतल्या बाजूला उघडणारं केलं तर आतला दाबच त्याला चौकटीवर घट्ट धरतो, पण जागा खातं. बांधून झालं की पटाशीने सांगितलेली उदबत्तीची परीक्षा पुन्हा करायची.

परतीच्या वाटेचं माप वरच्याच हिशोबाने: ६०० ला ३०० ने भागा, २ चौरस फूट. हे भोक सरळ ठेवलं तर आवाज जसाच्या तसा आत येतो. त्याला दोन काटकोनी वळणं द्या, इंग्रजी झेड आकाराचा प्लायवूडचा बोगदा, आणि आतून २ इंच जाडीचा रॉकवूल लावून वर पातळ कापड ताणून बसवा, म्हणजे तंतू हवेत येणार नाहीत. अस्तर धरून माप घ्यायला विसरतात. आतून २४ बाय १२ इंच मोकळं हवं तर प्लायवूडचं आतलं माप २८ बाय १६ ठेवावं लागेल. तोंड खोलीत उंचावर काढा, टेबल सॉकडे रोखलेलं नको. परत येणारा झोत पात्यावर आला तर गार्डने पकडलेली धूळ तोच उडवून लावेल.

आणि आता ती ३० मायक्रॉनची पिशवी. हवा परत खोलीतच यायची असेल तर ती पिशवी पहिल्यांदा काढा. जी धूळ नाकात अडकत नाही, खोल जाते, ती १० मायक्रॉनच्या खालची असते आणि ती या कापडातून आरपार निघते. ढलप्या पिशवीत राहतात, खोली स्वच्छ दिसते आणि सगळ्यात वाईट धूळ पंखा ताकदीने हवेत पसरवत असतो. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली स्पष्ट नोंदवलेलं आहे. तेव्हा इथे तडजोड करू नका. घडीदार कॅनिस्टर (नळकांड्याच्या आकाराचा) फिल्टर लावा, १ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक. क्षेत्रफळाचा ढोबळ हिशोब असा: दर चौरस फुटाला १० सीएफएमपेक्षा जास्त नको, म्हणजे तुम्हाला निदान ६० चौरस फूट. जास्त मिळालं तर जास्तच घ्या. फिल्टर मोठा असला की कमी तुंबतो आणि साफ करायची वेळ लांबते.

फिल्टर आणि भिंत यांत दीड फूट मोकळं ठेवा. नाहीतर एका बाजूच्या घड्या कामच करत नाहीत आणि झाडताना हात जात नाही. खालची पिशवी बदलायला पेटीत शिरावं लागू नये, दार पिशवीच्या समोर घ्या. पिशवी काढताना मास्क घाला, पिशवी बदलण्याची ती दोन मिनिटं दिवसातली सगळ्यात धुळकट असतात.

वीज स्वतंत्र सर्किटवरून. सुरू होताना मोटर चालू करंटच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि टेबल सॉ त्याच तारेवर असेल तर ब्रेकर पडतो. कलेक्टर पेटीत गेला की स्विच हाताशी राहत नाही, म्हणून रिमोट लागतो. पण दर कापाला चालू-बंद करू नका. तासाला पाच-सहा वेळांवर गेलं तर मोटरच्या वाइंडिंगला आणि कपॅसिटरला उष्णता सोसत नाही. दोन कापांमध्ये चालू राहू द्या. काम संपल्यावरही दहा मिनिटं चालू ठेवला तर हवेत तरंगणारं बरंच गाळलं जातं.

गुण्या

रंध्याने सांगितलेल्या फिल्टरला एक जोड देतो. तो तुंबला आहे हे डोळ्यांना दिसत नाही, ओढ हळूहळू कमी होते आणि आपल्याला सवय होते. यू नळी लावा. ६ मिलिमीटरची पारदर्शक नळी चार-पाच फूट, फळीवर यू आकारात पक्की करायची, अर्धी रंगीत पाण्याने भरायची. एक टोक मोकळं. दुसरं टोक पंखा आणि फिल्टर यांच्या मधल्या पत्र्याला छिद्र पाडून त्यात बसवायचं, आतल्या बाजूने कड बाहेर न येता. नवा फिल्टर असताना, ठरावीक एक गेट उघडं ठेवून दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक फळीवर खूण करून ठेवा. तो दुप्पट झाला की फिल्टर झाडायची वेळ झाली. झाडूनही खुणेजवळ येत नसेल तर घड्यांमध्ये खोल धूळ बसली आहे. बाहेरच्या बाजूने हलक्या दाबाची हवा मारा, तीन-चार इंचांवरून. जवळून जोरात मारली तर कापडाची छिद्रं कायमची मोठी होतात.

दुसरी तशीच नळी कलेक्टरच्या तोंडाआधीच्या पाइपाला लावली की पाइपलाइनही वाचता येते. सगळी गेटं बंद असताना फरक सगळ्यात मोठा यायला हवा. पहिल्या दिवसाच्या आकड्यापेक्षा तो कमी यायला लागला तर कुठेतरी सांधा सुटला आहे किंवा गेट पूर्ण बसत नाही. गेटाच्या खाचेत भुसा साठून पट्टी दोन मिलिमीटर वर राहते, हे बहुतेक वेळा कारण निघतं. खाचेच्या टोकाचे दोन्ही कोपरे कापून मोकळे केले की पट्टी आपला भुसा आपणच बाहेर ढकलते.

शिसवी

पेटीचं ठरलं. शेवटचं विचारतो: पीव्हीसी घेऊ की पत्रा? पीव्हीसीत स्थिर वीज साठून स्फोट होतो, आत तांब्याची तार ओढावी लागते, असं सगळीकडे वाचायला मिळतं.

पटाशी

घरगुती आकाराच्या पाइपलाइनीत पीव्हीसीमुळे मुख्य त्रास होतो तो झटक्याचा. हात लागला की चटका बसतो, आणि फिरत्या पात्याशेजारी दचकणं वाईट. पीव्हीसी वीज वाहत नाही, म्हणून आत एक तार ओढली तरी फक्त तारेजवळचा भाग रिकामा होतो, बाकी पृष्ठभाग भारलेलाच राहतो. शिवाय आतल्या तारेला ढलप्या अडकून तिथेच बूच बसतं. तार ओढायचीच तर बाहेरून गुंडाळा.

पत्रा हा प्रश्नच ठेवत नाही. पत्र्याचे सगळे तुकडे एकमेकांना विजेने जोडलेले हवेत, आणि शेवटचा अर्थिंगला. मधला लवचीक पाइप ही साखळी तोडतो, म्हणून त्याच्या आतल्या स्प्रिंगच्या तारेची दोन्ही टोकं उघडी करून पत्र्याला स्क्रूने बांधा. जाडी २६ गेज किंवा त्याहून जाड. एसीच्या कामाचा पातळ पत्रा सगळी गेटं बंद झाली की डब्यासारखा चेपतो. सांध्यात आत जाणारं टोक हवेच्या दिशेने, म्हणजे भुसा कडेला अडणार नाही. स्क्रू आखूड आणि मोजके, वर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी. सिलिकॉनने कायमचं बंद करू नका, एक दिवस पाइप उघडावा लागतोच.

आगीची खरी भीती ठिणगीची आहे. पटाशा-पाती घासायचं ग्राइंडर या पाइपलाइनीला कधीच जोडू नका. तापलेला लोखंडाचा कण पिशवीतल्या भुशात पडला तर तासन्‌तास आतल्या आत धुमसतो आणि रात्री पेटतो. जुन्या लाकडातले खिळे कापतानाही तेच. इम्पेलर लोखंडी असेल तर जमिनीवरचे स्क्रू ओढायला झाडूचं तोंड लावू नका, पात्यावर आपटून ठिणगी पडते. दिवसाच्या शेवटी पिशवी अर्ध्याहून जास्त भरलेली असेल तर ती पेटीत न ठेवता बाहेर, घराच्या भिंतीपासून दूर, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा.